सुसानचं भाडं, अ‍ॅनचं लग्न
(चित्रपट दाखवल्यानंतरच्या चर्चेत केलेलं भाषण)



क्लॉडिया वाइलचा ‘गर्लफ्रेंड्स’ (१९७८) आपण आत्ताच पाहिला. न्यूयॉर्कमध्ये एकत्र राहणाऱ्या दोघी. सुसान फोटोग्राफर, अ‍ॅन लिहिणारी. अ‍ॅन लग्न करते, सुसान एकटी पडते. गोष्ट एवढीच. एका पुरुषासाठी भांडणाऱ्या दोन बायका यात नाहीत, याबद्दल दिग्दर्शिकेचे आभार!

कलावंत म्हटला की सिनेमावाले दारू दाखवतात, नाहीतर वेड. इथे दिसतं घरभाडं. लग्नांचे आणि ज्यू मुलांच्या धार्मिक समारंभांचे फोटो काढून सुसान पोट भरते आणि स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन व्हावं म्हणून गॅलऱ्यांचे उंबरे झिजवते. घरी परतल्यावर दिवसभराचं सांगायला आता अ‍ॅन नसते. हे दुःख कुणाला सांगणार? नवरा सोडून गेला तर चार माणसं विचारायला तरी येतात. मैत्रीण लग्न होऊन गेली तर पेढे वाटायचे असतात.

पण अ‍ॅनही सुखात आहे असं नाही. मूल सांभाळताना लिहिणं मागे पडतं. दोघी एकमेकींचा हेवा करतात, तोंडावर भांडतात. पुन्हा दिवस गेल्यावर अ‍ॅन नवऱ्याला न सांगता गर्भपात करून घेते, आणि चित्रपट तिला त्याची कसलीही शिक्षा देत नाही. अमेरिकेत १९७३ साली मिळालेला हा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली काढून घेतला. आपल्याकडे १९७१च्या कायद्यानुसार सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. तरी दवाखान्यात त्याची सही मागतात, हे इथल्या कार्यकर्त्यांना मी काय सांगावं!

एक तक्रार मात्र आहे. सुसानकडे आसऱ्याला आलेली सील ही नाचणारी मुलगी. तिला सुसानबद्दल आकर्षण वाटतं, तर चित्रपट तिला गंमतीत काढतो आणि घराबाहेर घालवतो. बायकांच्या मैत्रीवरच्या चित्रपटाने एवढं घाबरायला नको होतं.

वाइल मूळची माहितीपट करणारी. अनुदानं गोळा करत, सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर तिने हा चित्रपट उभा केला. मग वॉर्नर ब्रदर्सने तो वितरणासाठी घेतला. १९८० साली तिने आणखी एक चित्रपट केला, पुढे मुख्यतः टीव्हीसाठी काम केलं. ‘गर्लफ्रेंड्स’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला तो थेट २०१९ साली.

सुसानच्या प्रदर्शनाला अ‍ॅन येत नाही, म्हणून सुसानच तिच्या गावाकडच्या घरी जाते. दोघी बसून बोलतात, हसतात. तेवढ्यात नवरा येतो. त्या क्षणी सुसानच्या चेहऱ्यावर तुम्हाला काय दिसलं, ते आता तुम्ही सांगा.