समाजमाध्यमांचे शिक्षण आणि आपली मुले
(धाड, जि. बुलढाणा येथे उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



एका महाविद्यालयाने पदवीच्या विद्यार्थ्यांकरिता समाजमाध्यमांचा अभ्यासक्रम आखण्याचे काम माझ्याकडे सोपविले, तेव्हा एका गृहस्थांनी मला विचारले, "फोन पोरांना आपल्याहून अधिक कळतो, मग त्यांना शिकवावयाचे ते काय?" हा प्रश्न तुमच्याही मनात येईल. तुमचीच मुले-मुली उद्या अशा वर्गात बसणार आहेत, म्हणून ती आखणी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला भाग इतिहासाचा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले. पैसे देऊ केले असताही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' निघाले. ज्याच्या हाती छापखाना, त्याचाच शब्द लोकांपर्यंत जातो, हे त्यांनी ओळखले होते. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आला आहे असे वाटते खरे. परंतु कोणाचा मजकूर वर दाखवावा व कोणाचा दडवावा हे ठरविणारा धनी अजून दुसराच आहे. म्हणून आपला फोन आपणांस प्रथम काय दाखवितो, याची विद्यार्थ्याने आठवडाभर नोंद ठेवावी.

दुसरा भाग सत्याचा. केवळ ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली कोणाचीही वाक्ये छापून ती घरोघर पाठविली जातात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. विद्यार्थ्याने असे एक वाक्य घेऊन त्या खंडांत शोधावे. सापडले नाही तर पुढे पाठवू नये. बाबासाहेबांच्या नावावर असत्य खपविणे हा त्यांचा सन्मान होऊ शकत नाही.

तिसरा भाग कायद्याचा. २०१२ साली पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. ज्या कायद्याचा तेव्हा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. मत मांडण्याचा हक्क आपला आहे. परंतु जातीवरून अपमान करण्याचा हक्क कोणालाही नाही. इंटरनेटवरील असा अपमानही १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे. तो निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी आधार म्हणून दाखविता येतो. बौद्ध झाल्याने हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास भिऊ नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींचे हक्क मिळाले आहेत.

असा मजकूर दिसल्यास शिवीला शिवी देऊ नका. दुवा, दिनांक आणि पडद्याचे छायाचित्र जपा, मूळ फोनमधील काही पुसू नका आणि लेखी तक्रार द्या.

माता-पित्यांना शेवटचे सांगणे. मुलीला कोणी घाणेरडा संदेश पाठविला की आपण तिचाच फोन काढून घेतो आणि तिचे शिक्षणही थांबवितो. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय ज्या धर्मात होता तो आपण सोडून आलो आहोत. तो घरात पुन्हा आणू नका. मुलीला या वर्गात पाठवा आणि ती जे शिकून येईल ते तिच्यापाशी बसून तुम्हीही शिका.

जय भीम !