गोष्टीतून अक्षराकडे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज या व्यासपीठावर शालान्त परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचा गौरव झाला. तो पाहून आम्हांस मनस्वी आनंद वाटला. परंतु या यशाचा पाया ज्या वयात घातला जातो, त्या पाचसहा वर्षांच्या बालकांविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. पहिलीत जाणारा आमचा नातू पुस्तकाचे पानच्या पान घडाघडा म्हणून दाखवी. एके दिवशी पानाच्या मध्यावरील एका शब्दावर बोट ठेवून आम्ही विचारले, "बाळ, हा शब्द कोणता?" तो गोंधळला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणू लागला. पान पाठ होते; वाचन नव्हते. दोष त्याचा नव्हे, आमच्या उतावळेपणाचा होता.

त्या रात्री आजीने त्यास चिऊकाऊची गोष्ट सांगितली. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. मोठा पाऊस आला आणि काऊचे घर वाहून गेले. सकाळी आम्ही पाटीवर दोनच शब्द लिहून ते वाचून दाखविले: शेण, मेण. मात्रा तीच, 'ण' तोच. निराळे ते केवळ पहिले अक्षर. मुलाने क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाला, "म्हणजे 'श' आला की घर वाहून जाते!" एका अक्षराने केवढे अंतर पडते, हे त्यास निराळे शिकवावे लागले नाही. पुढे शेळी आणि शेपूट यांतील 'शे' त्याने आपण होऊन ओळखला.

ही रीत आपणांस नवी नाही. राजा अमरशक्तीच्या तीन अभ्यासविन्मुख पुत्रांस सहा महिन्यांत शहाणे करण्याचे विष्णुशर्म्याने पत्करले, ते पशुपक्ष्यांच्या कथांच्या बळावर, असे पंचतंत्र सांगते. अलीकडच्या काळात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलाच्या परिसरात जे आहे त्यातूनच शिक्षण उभारावे, हे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कृतीने दाखविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पायाभूत साक्षरतेस अग्रक्रम दिला आहे. परंतु धोरण घरात येऊन गोष्ट सांगत नाही; ते आपणांसच करावयाचे आहे.

यास्तव काही सूचना. मूल तीच गोष्ट पुन्हा मागेल. कंटाळू नये, कारण ओळखीच्या गोष्टीतील शब्दच प्रथम वाचता येतात. वाचनासाठी आरंभी ससा, कासव, माकड असे जोडाक्षरविरहित शब्द घ्यावेत. कोल्हा आणि हत्ती गोष्टीत खुशाल यावेत, पाटीवर मात्र थोडे थांबावेत. गोष्टीच्या शेवटी उपदेशाचे शेपूट लावू नये. आणि गोष्ट सांगताना परीक्षा तर मुळीच घेऊ नये.

ज्या आजीबाईंस स्वतः लिहितावाचता येत नाही, त्यांनी संकोच करू नये. गोष्ट त्यांनी सांगावी, शब्द घरातील दुसऱ्या कोणी लिहावा. त्यांच्या वेळी शाळेचे दार त्यांस बंद राहिले असेल. नातवासाठी ते उघडण्याची किल्ली त्यांच्याच मुखी आहे.

रोज सायंकाळी पाव तास इतके मागणे आपणांपुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.