शाळा बंद होती त्या दिवशी



मी पुण्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी या कार्यक्रमात आपण हप्ते, वही, बँक, कर्ज यांवर बोलतो. आज मला शिक्षकांच्या संघटनांबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, त्यांचा आणि आपला काय संबंध? मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

2025 सालच्या 5 डिसेंबरची गोष्ट. त्या शुक्रवारी राज्यातल्या शिक्षक संघटनांनी शाळा बंदचं आंदोलन केलं. काही शाळा चालू होत्या, काही बंद. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीची शाळा बंद होती. मुलगी तिसरीत. ताई चार घरी धुणीभांडी करतात. मुलीला घरी एकटीला ठेवता येईना, म्हणून दोन घरची कामं त्यांनी बुडवली आणि उरलेल्या घरी तिला सोबत घेऊन गेल्या. संध्याकाळी गटाच्या मीटिंगला आल्या त्या चिडूनच.

म्हणाल्या, "यांना पगार आहे, सुट्ट्या आहेत, तरी यांचं रडगाणं संपत नाही. माझा खाडा झाला तो कोण भरून देणार?"

त्यावर दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, "अगं, पण आपल्या बाईंना बघतेस ना? कधी मतदार याद्या, कधी सर्वे, कधी ऑनलाइन माहिती. शिकवायचं कधी त्यांनी?"

तिसरी होती ती आमची सगळ्यात लहान सभासद. डी.एड. झालेली, टीईटी पास झालेली, आणि नोकरी नाही म्हणून खासगी शिकवणीत मुलं शिकवणारी. ती एवढंच म्हणाली, "त्या मोर्चात माझ्यासाठी कोण बोलतंय?"

हप्ते गोळा करायचे राहिले आणि तासभर यावरच बोलणं झालं. तिघींचंही म्हणणं खरं होतं, म्हणून हा विषय मी आज इथे आणलाय.

आधी एक गोष्ट सांगते. संघटना म्हणजे काय, हे पुण्यातल्या कष्टकरी बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. 1980 साली याच शहरात घरकाम करणाऱ्या बायकांनी कामं बंद केली होती. मालकिणींच्या घरी भांडी तशीच पडून राहिली, तेव्हा कुठे पगाराचं आणि सुट्टीचं बोलणं सुरू झालं. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. म्हणजे काम थांबवल्याशिवाय आपल्याकडे कुणी बघत नाही, हा अनुभव आपलाही आहे. त्यामुळे शिक्षकांनी एक दिवस काम थांबवलं म्हणून लगेच त्यांना नावं ठेवायला माझं मन होत नाही.

शिक्षकांच्या संघटना मिळवून काय देतात, तेही बघा. खासगी संस्थांच्या शाळांत नोकरीला संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्रात 1977 साली झाला आणि 1981 पासून लागू झाला. आता संस्थाचालकाला वाटलं म्हणून शिक्षकाला घरी बसवता येत नाही. चौकशी करावी लागते, आणि शिक्षकाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पुढे 2000 सालापासून शिक्षणसेवक आले. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम. कित्येक वर्षं प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 6,000 रुपये मिळत होते. सारख्या मागण्या झाल्या, कोर्टानेही सरकारला सुनावलं, तेव्हा 2023 मध्ये ते 16,000 झाले. आपल्याच वस्त्यांतल्या शिकलेल्या मुली या नोकऱ्यांत जातात. त्यांचं भलं झालं तर मला आनंदच आहे.

संघटनांचं बळ विधान परिषदेतही आहे. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर मिळून आपला एक मतदारसंघ होतो. पण त्यात मत फक्त माध्यमिक आणि त्यापुढच्या शिक्षकांना. आपल्या लेकरांना पहिलीत हात धरून अ-आ गिरवायला लावणाऱ्या बाईंना तिथे मतच नाही. राज्यघटनेतच तसं आहे. मग प्राथमिक शिक्षकांना आवाज पोचवायला उरतं काय? संघटना, निवेदन आणि रस्ता. आपल्या पुण्यात शिक्षण आयुक्तांचं कार्यालय आहे, म्हणून सेंट्रल बिल्डिंगच्या बाहेर सारखं कुणी ना कुणी धरणं धरून बसलेलं दिसतं.

आता मुद्द्यावर येते. शिक्षणाचं धोरण ठरताना दोघांचा आवाज मोठा असतो, सरकारचा आणि शिक्षक संघटनांचा. मूल आणि त्याची आई तिथे नसतात. दोघंही म्हणतात, आम्ही मुलांसाठीच बोलतोय. कधी ते खरं असतं, कधी अर्धं खरं असतं. ते ओळखायचं काम आपलं. तांदूळ निवडताना आपण अख्खी परात फेकून देत नाही आणि न बघता शिजायलाही टाकत नाही. संघटनेची प्रत्येक मागणी तशीच निवडून बघायची. तीन उदाहरणं देते.

पहिलं उदाहरण छोट्या शाळांचं. आमच्या गटातल्या एकीचं माहेर राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात. तिथे डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळांत मुलंच मुळात थोडी. 2024 सालच्या 5 सप्टेंबरला, म्हणजे नेमका शिक्षक दिनाला, सरकारने जीआर काढला. 20 किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी ठेवायचा, महिना 15,000 रुपयांवर. संघटना खवळल्या. 25 सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. त्याच्या आधी दोन दिवस सरकारने 20 ची अट 10 वर आणली, आणि पुढे 2025 च्या सुरुवातीला हा निर्णयच मागे घेतला.

इथे शिक्षकाचं हित आणि मुलाचं हित एकच होतं. शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितलेत. एकाच बाई चार वर्ग सांभाळतात, तेव्हा दुसरा माणूस कायमचा असणं किती गरजेचं आहे, हे त्या वाडीतल्या आईला विचारा. तिचं कुणी ऐकलं नसतं. संघटना होती म्हणून ऐकलं गेलं.

दुसरं उदाहरण शाळाबाह्य कामांचं. "आम्हाला शिकवू द्या" ही शिक्षकांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. कायदा त्यांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक, एवढी तीनच बाहेरची कामं शिक्षकाला देता येतात. बाकी सर्वे, याद्या, फॉर्म यांच्यात आपल्या मुलांचे तास जात असतील, तर ती आपलीही तक्रार आहे.

पण या मागणीत शाळेच्या खिचडीचाही विषय येतो, आणि तिथे मी जरा थांबते. शाळेतला पोषण आहार आपल्यापैकी कितीतरी बचत गट शिजवतात. शिजवणं आपलं, पण तांदळाचा साठा, रोजची हजेरी, ऑनलाइन नोंद, हिशेब, हे सगळं मुख्याध्यापक आणि शिक्षकांच्या गळ्यात. ते काढून घ्या, असं संघटना म्हणतात. हिशेब काढून घ्यायला माझी काहीच हरकत नाही. तो ठेवायला वेगळा माणूस द्या. आपल्या गटातल्या हिशेब लिहिणाऱ्या बायका काय कमी आहेत? पण वाढण्याआधी शाळेतल्या मोठ्या माणसाने घास खाऊन बघायचा, हा नियम शिक्षकांनी सोडू नये. मुलाच्या ताटात काय पडतंय ते बघणं हे शाळेचंच काम. शिजवणाऱ्या बायकांची बाजू घेऊनच मी हे सांगतेय, कारण उद्या काही बिघडलं तर सगळा दोष आधी आपल्यावर येतो.

तिसरं उदाहरण सगळ्यात अवघड, टीईटीचं. 5 डिसेंबरची शाळा याच्यासाठी बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला हवं. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिली असतील, तर नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. संघटना म्हणतात, आम्ही लागलो तेव्हा ही परीक्षाच नव्हती. तेव्हाच्या अटी आम्ही पुऱ्या केल्या. वीस-पंचवीस वर्षं शिकवल्यावर आता एका पेपरवर नोकरी जाणार का?

हे बोलणं मला पटतं. पन्नाशीच्या बाईंना अशी भीती घेऊन वर्गात उभं करणं बरोबर नाही. त्यांना तयारीला वेळ द्या, प्रशिक्षण द्या, सारखी संधी द्या. पण "आमची परीक्षा नकोच" असं कुणी म्हणालं, तर आई म्हणून मी मान डोलावणार नाही. आपल्या मुलांची परीक्षा संपत नाही, आपल्या गटाचं दरवर्षी ऑडिट होतं. मूल वाचायला का शिकलं नाही, हे विचारायची जागा कुठेतरी असलीच पाहिजे. आणि आमची ती डी.एड. झालेली मुलगी? तिने परीक्षा दिली, पास झाली, आणि ती घरी आहे. संघटना नोकरीत असलेल्यांच्या असतात, बाहेर थांबलेल्यांचं दुःख त्यांच्या निवेदनात मागे पडतं. त्यात संघटनेचं पाप नाही. पण आपण ते विसरायला नको.

मग आपण कुठे बोलायचं? मैत्रिणींनो, आपल्याला जागा आहे, आपण तिथे बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 सांगतं, की सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात 75 टक्के सभासद पालक असतात आणि 50 टक्के बायका. अध्यक्षही पालकांमधूनच होतो. बऱ्याच ठिकाणी काय होतं, तुम्हाला माहीत आहे. सहीपुरती बोलावतात, आपण अंगठा किंवा सही देतो, चहा घेतो आणि घरी येतो. मीही एकदा तशीच सही केली होती. कशावर केली ते वाचलंसुद्धा नाही. गटात मी बायकांना सांगत असते, न वाचता सही करू नका. आणि शाळेत मीच तसं केलं.

पालक बोलले तर फरक पडतो. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर जवळच्या खासगी शाळेला गरीब मुलांच्या 25 टक्के जागांतून सूट दिली. त्याविरुद्ध पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या, आणि जुलैमध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. म्हणजे पालकांचाही आवाज पोचतो. त्यासाठी तो एकत्र निघावा लागतो.

त्या संध्याकाळी आमच्या गटात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या, त्या तुम्हालाही सांगते.

पहिली, शाळा बंद राहणार असेल तर पालकांना आधी लेखी कळवा, आणि पोषण आहाराचं काय करणार तेही सांगा. संप शिक्षकांचा, पण त्या दिवशी मूल उपाशी राहायला नको.

दुसरी, बुडलेला दिवस कधी भरून काढणार, ते समितीत विचारायचं. कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1,000 तास सांगितलेत. हे आकडे वहीत लिहून न्यायचे. आकडा सांगितला की समोरचा नीट बसून ऐकतो, हे बँकेत आपण शिकलोय.

तिसरी, शिक्षकांची जी मागणी मुलांच्याही फायद्याची असेल, तिच्यासाठी समितीचा ठराव करून द्यायचा. दोन शिक्षक हवेत, शाळाबाह्य कामं नकोत, रिकाम्या जागा भरा. अशा मागणीवर बाईंच्या सहीखाली आईचीही सही असू दे. आणि जी पटत नाही, ती त्यांच्या तोंडावर, आदराने, पटत नाही म्हणून सांगायची.

आमच्या त्या ताई पुढच्या पालक सभेला गेल्या. त्यांनी बाईंना विचारलं, "माझा खाडा झाला त्या दिवशी, तुमचाही पगार कापला का?" बाई म्हणाल्या, कापण्याची नोटीस आली होती. दोघी थोडा वेळ बोलल्या. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. पण ताईंनी समितीसाठी आपलं नाव दिलंय.

तुमच्या मुलांच्या शाळेची समिती कोण आहे, तिची बैठक शेवटची कधी झाली, एवढं या आठवड्यात विचारून या. पुढच्या गटाच्या मीटिंगला हप्त्याच्या वहीसोबत तेही उत्तर आणा.