हेवा वाटावा असं काही



परिषदेचा स्वागताध्यक्ष विद्वत्ता बघून निवडत नाहीत, हे या मांडवात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्याकडे मोठी पातेली आहेत, ज्याला वर्गणी मागायला लाज वाटत नाही आणि गैरसोयीची माफी जो आधीच मागून ठेवतो, त्याच्या गळ्यात ही माळ पडते. लक्ष्मी मार्केटजवळ माझं भांड्यांचं दुकान आहे. तिन्ही अटींत मी बसतो. तुमच्यासारख्या अभ्यासकांपुढे धर्मावर बोलायचा माझा अधिकार एवढाच.

तुमच्यातले बरेचजण काल रात्री मिरज जंक्शनवर उतरलात. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगावची आणि पंढरपूरची लाईन तिथं एकमेकींना भेटते, त्यामुळं या गावाला पाहुण्यांची सवय आहे. आज सकाळी काहीजण ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आलात. आवारातल्या चिंचेखाली उरुसात गाणं होतं. ती प्रथा रुजवणारे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत वारले. त्यांचं दफन मिरजेतच झालं. त्या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे चादर, चर्मकार समाजाची असते. ज्यांना कितीतरी देवळांची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांचा मान दर्ग्यात. हे सांगताना माझ्यासारख्या माळकरी घरातल्या माणसाची मान थोडी खाली जाते, आणि जायलाच पाहिजे.

तंतुवाद्यांच्या गल्लीतही जाऊन या. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी इथं तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, कारागीर बहुतेक मुसलमान, आणि तंबोरा वाजतो कुठल्याही देवापुढे. यातून एक छान दृष्टान्त निघतो, पण तो मी काढणार नाही. उद्याच्या वक्त्यांना काहीतरी शिल्लक ठेवलं पाहिजे.

आता जरा अडचणीचं. स्वागताच्या भाषणात गावाचं कौतुकच करायचं असतं, पण ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यापुढे लपवाछपवी करून काय उपयोग? २००९ च्या गणेशोत्सवात याच गावात एका कमानीवरून वाद पेटला. दगडफेक झाली, संचारबंदी लागली. माझ्या दुकानाचं शटर कितीतरी दिवस खाली होतं. त्या दिवसांत घरी बसून मी एक हिशेब केला. समोरच्या तंबोरेवाल्या चाचांच्या दुकानापुढे मी वीस-बावीस वर्षं बसत होतो. रोज चहा एकत्र व्हायचा. ‘सगळे धर्म सारखेच हो,’ हे वाक्य आम्ही दोघांनी एकमेकांना शेकडो वेळा ऐकवलं असेल. आणि त्यांच्या धर्माबद्दल मला काय माहीत होतं? ईदेचा शिरखुर्मा. त्यांना माझ्या धर्माबद्दल? दिवाळीचा चिवडा.

सगळे धर्म सारखेच, हे वाक्य फार सोयीचं आहे. सारखेच म्हटलं की वाचायला नको, विचारायला नको, शेजाऱ्याच्या दारातून आत डोकवायलाही नको. एखाद्या पाहुण्यानं सगळ्या पदार्थांची चव सारखीच लागते असं म्हटलं, तर यजमानीण त्याला कौतुक समजेल का? तेव्हापासून मी ते वाक्य टाकून दिलं. त्याऐवजी स्वतःला एकच विचारतो : दुसऱ्याच्या धर्मातलं असं काय आहे, ज्याचा मला हेवा वाटतो? हेवा हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. आदर लांबूनही करता येतो. हेवा वाटायला जवळ जाऊन वस्तू नीट बघावी लागते.

चाचांचंच सांगतो. संचारबंदी उठल्यावर पुढच्याच रमजानात ते दुकानातला माल मोजताना दिसले. तयार तंबोरे वेगळे, कच्चा माल वेगळा, येणं किती, देणं किती. मला वाटलं, आयकराची काहीतरी भानगड आहे. विचारलं तर म्हणाले, जकातीचा हिशेब. कर्ज वजा करायचं, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जे वर्षभर हाताशी राहिलं त्यावर अडीच टक्के काढायचे, विकायला ठेवलेला मालही त्यात धरायचा. हे दान नाही, ते गरिबाचं आपल्याकडे राहिलेलं देणं, असं ते म्हणाले. मी त्या रात्री घरी जाऊन माझी वही काढली. वर्षभरात किती दान केलं? जेव्हा लहर आली तेव्हा, आणि पावतीवर नाव मोठ्या अक्षरात. अडीच टक्क्यांच्या जवळपासही नव्हतं. धंदेवाल्या माणसाला धर्मानं हिशेबाच्या भाषेत गाठावं, याचा मला तेव्हा खरंच हेवा वाटला.

दुसरी गोष्ट जैनांची. या भागातले जैन पुष्कळसे दिगंबर, आणि त्यातले किती तरी शेतकरी. बाहेरच्यांना जैन म्हणजे व्यापारीच वाटतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. भाद्रपदातल्या एका दुपारी आमच्या ओळखीचे एक वयस्क गृहस्थ दुकानात आले. माझा आणि त्यांचा कधी काळी पितळेच्या घंगाळाच्या वजनावरून वाद झाला होता. मी विसरून गेलो होतो, निदान तसं दाखवत होतो. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच हात जोडून म्हणाले, त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत लबाड म्हणालो, क्षमा करा. ‘चुकलं असेल तर’ असलं काही नाही. काय म्हणाले, कुठं म्हणाले, सगळं नेमकं. मग चहा न घेता निघाले, कारण अजून तीन घरं राहिली होती. खरं सांगायचं तर त्या घंगाळाच्या वजनात चूक माझीच होती. ती कबूल करायला मला कुठल्या धर्मानं तिथी नेमून दिलेली नाही, त्यामुळं आज या व्यासपीठावरून करतो आहे.

मिशन हॉस्पिटल तुम्ही येता-जाता बघितलंच असेल. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली ते उभं केलं. वानलेसवाडी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. १९६८ साली माझ्या वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन तिथं झालं. मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांना आत नेण्याआधी डॉक्टर स्ट्रेचरशी थांबले, डोळे मिटून पुटपुटले आणि मग हात धुवायला गेले. आजी घाबरली. तिला वाटलं, आता हे पोराला बाटवणार. पण नर्सनं तिला समजावलं की डॉक्टर फक्त हात स्थिर राहू दे म्हणून प्रार्थना करतात. मग आजीनंही तुळशीची माळ ओढायला घेतली. वडील बरे झाले, पुढं तीस वर्षं जगले. आजी शेवटपर्यंत म्हणायची, दोघांनी आपापल्या देवाला सांगितलं, कुणाचं ऐकलं ते आपण विचारू नये. आजारी माणसाला हात लावणं हीच उपासना, हे ख्रिस्ती लोकांनी इतकं रोजचं करून टाकलं की त्याचं नवल वाटेनासं झालं. त्या काळी विटाळाच्या धाकानं आपण कुणाकुणाला हात लावत नव्हतो, ते आठवलं की ते नवल परत वाटायला लागतं.

आणि ज्यांचं मिरजेत देऊळ नाही त्यांचंही एक सांगतो. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या शास्त्रात सातव्या दिवशी मालकाला विसावा आहे, तसाच नोकराला आहे आणि बैलालाही आहे. आपण बैलाला वर्षातून एकदा, पोळ्याला सुट्टी देतो. माझ्या दुकानातल्या पोरांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती कायद्यामुळं, माझ्या धर्मामुळं नव्हे.

आता कुणी म्हणेल, शेटजी, तुम्ही सगळ्यांचं गोड गोडच वेचताय. प्रत्येक धर्मात गंज आहे, तो कुठं गेला? बरोबर आहे. भांड्याच्या धंद्यात मोड घेतात, म्हणजे गिऱ्हाईकाचं जुनं भांडं घेऊन नवं देतात. जुनं घेताना आम्ही त्याचा पोचा दाखवतो, काठ झिजलाय म्हणतो, वजनात धरायचं नाही म्हणतो. स्वतःचं नवं विकताना टिचकी मारून त्याचा नाद ऐकवतो. धर्मांच्या बाबतीत आपण सगळे हेच करतो. दुसऱ्याचा धर्म मोडीच्या भावानं तोलायचा आणि आपला दुकानाच्या भावानं विकायचा. त्याच्या धर्मातला सगळ्यात वाईट माणूस आणि आपल्या धर्मातला सगळ्यात चांगला संत समोरासमोर उभा करायचा. पोचे मोजायचे असतील तर आपल्या घरापासून सुरुवात करावी. ते भांडं रोज हाताळून आपल्याला ठाऊक असतं.

याबाबतीत मला दोन माणसं गुरूंच्या जागी वाटतात. एक अर्थात जोतीराव फुले. पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर डाव्या हातानं त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली छापलं गेलं. त्यात ते एका घराचं चित्र काढतात. घरातली बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून बौद्ध होईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. सगळे एकाच छपराखाली प्रेमानं राहतील, कुणी कुणाचा हेवा करणार नाही. इथं जोतीरावांचा शब्द आणि माझा शब्द आपटतात, पण त्यांचा हेवा द्वेषाचा आणि माझा शिकण्याचा. माझं लक्ष जातं ते एका बारीक गोष्टीकडे. त्या घरात प्रत्येकजण पुस्तक वाचून मग धर्म घेतो. आणि कुणी कुठला घ्यायचा हे घरातला कर्ता पुरुष ठरवत नाही. बाईनं आणि मुलीनं आपापलं वाचायचं आणि आपापलं ठरवायचं. हे एकोणिसाव्या शतकात लिहिलेलं आहे. आज आपल्यातल्या किती घरांत हे चालेल, हात वर करायला सांगत नाही.

दुसरे आमच्या शेजारचे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीत १८७३ साली जन्मले. इथून जमखंडी फार लांब नाही. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं त्यांनी जगातल्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. असा माणूस परत येऊन मोठमोठी व्याख्यानं देईल, ग्रंथ लिहील असं कुणालाही वाटावं. त्यांनी तेही केलं. पण १९०६ साली मुंबईत त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा आणि मिशन काढलं, आणि पुढं बायको-बहिणीसकट त्या कामात आयुष्य घातलं. इतक्या धर्मांचं शिकून आलेल्या माणसाला घरात पाऊल टाकल्यावर सगळ्यात आधी आपल्याच घरातली बंद खोली दिसली. मला हा अभ्यासाचा खरा उपयोग वाटतो, आणि उद्याच्या परिसंवादात यावर कुणी माझ्याशी भांडलं तर मला आनंद होईल.

वेळ झाली आहे. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत ते मला इथूनही दिसतंय. आता माझ्या खऱ्या कामाच्या सूचना.

नमाजासाठी मांडवामागची पश्चिमेकडची खोली रिकामी ठेवली आहे, शेजारीच वजूला नळ आहेत. जैन पाहुण्यांचा स्वयंपाक कांदा, लसूण आणि कंदमुळं वगळून वेगळ्या चुलीवर आहे, आणि संध्याकाळचं पान दिवस मावळायच्या आत वाढलं जाईल. बाकीच्यांना आमचं झणझणीत आहे. सोसत नसेल त्यांनी लाजू नये, ताक भरपूर आहे. दुपारचं जेवण साडेबाराला. टेबलं मांडलेली नाहीत. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात एकदा जेवलो होतो. शेजारी कोण बसलंय हे उठेपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून ही हौस मनात होती. सगळ्यांनी जमिनीवर, मिळेल त्या जागी पंगतीत बसायचं आहे. व्यासपीठावरच्यांसाठी वेगळी पंगत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीकडेला चार बाकं ठेवली आहेत. त्यातल्या एकावर मी रुमाल टाकून ठेवला आहे, तेवढी जागा कृपया सोडा.