वर्दी आणि खेळ

१९५१ साली परभणीचे चार मित्र रोव्हर्स चषकाचा अंतिम सामना पाहावयास मुंबईस निघाले. मीटर गेजची गाडी मनमाडपर्यंतच. पुढे गाडी बदलावयाची. वाटभर वाद एकच : हैदराबाद पोलीस संघास टाळ्या द्याव्यात काय? परभणी तेव्हा हैदराबाद राज्यातच होती. पण १९४८ पूर्वीचा पोलिसी जुलूम विस्मरणात गेला नव्हता. एकाचे वडील तुरुंग भोगून आलेले. तो गप्पच होता.

कूपरेजवर सय्यद अब्दुल रहीम यांनी, मूळच्या एका शिक्षकाने, घडविलेला संघ जिंकला. पहिली टाळी त्या गप्प मित्राचीच! १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे चषक हैदराबादेसच गेला.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "वर्दी विसरलो नाही रे, पण खेळ खोटा नव्हता."