आपलाच पेपर सोडणारा संपादक

मी रिद्धपूरहून बोलतोय. लीळाचरित्राचं हे गाव, म्हणजे मराठी गद्याचं माहेरच. म्हणून आज गद्यातल्याच एका जिद्दी माणसाबद्दल बोलू: गोपाळ गणेश आगरकर.

जन्म १८५६चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरी गरिबी. शिक्षणासाठी वणवण करत हे पोरगं आपल्या वऱ्हाडात आलं, अकोल्याला शिकलं आणि तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलं. मोठ्या पगाराच्या मागं लागणार नाही, हे त्यांनी आईला पत्रातून आधीच कळवून टाकलं होतं.

जानेवारी १८८१. चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी दोन पेपर काढले: इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी'. आता गंमत पहा, केसरी म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. पण केसरीचे पहिले संपादक आगरकर! कोल्हापूरच्या दिवाणांवर टीका छापली म्हणून अब्रुनुकसानीचा खटला झाला. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

मग बिनसलं कुठं? बालविवाहावर. मुलींची लग्नं इतक्या लहान वयात होऊ नयेत, समजावून भागत नसेल तर कायदा करा, असं आगरकरांचं म्हणणं. परक्या सरकारला आपल्या घरात हात घालू द्यायचा नाही, असं टिळकांचं. पेपर सगळ्यांचा, मग मत कुणाचं छापायचं?

आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला. जमलेला वाचक, नाव, सगळं मागं ठेवलं. १५ ऑक्टोबर १८८८ला 'सुधारक' सुरू केला. त्यातली इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण, सगळ्यावर आगरकर रोखठोक लिहीत. चिडलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरी दमा, बाहेर शिव्या, तरी लेखणी थांबली नाही. १७ जून १८९५ला ते गेले, तेव्हा वय अवघं ३८.

मला यात एक गोष्ट लय मोठी वाटते. समोर शत्रू नव्हता, तुरुंगात सोबत राहिलेला दोस्त होता. आपण तर ग्रुपमधले चार जण रुसतील म्हणून टाइप केलेलं पुसून टाकतो. शेवटचं असं काय पुसलंत तुम्ही? विचार करा, जमलं तर कळवा. भेटूच पुढच्या भागात!