मुखवटे जुने, चेहरे नवे



पुराणकथांच्या पंक्तीला मोबाइलवरची थट्टाचित्रे कशाला आणून बसवली, असे येथील वडीलधाऱ्यांस वाटले असेल. परंतु समाज कशाला हसतो, यावरून तो मनात काय बाळगतो हे कळते. म्हणून हा विषय आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात घडवला. अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात उतरत जाणारी कल्पना, चाल किंवा रीत, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे इंटरनेटवर तो मुख्यतः चित्र आणि त्यावरचे चार शब्द एवढ्यावर येऊन ठेपला.

एक उदाहरण घेऊ. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचे सुमारे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकून पडले. त्या अजस्र जहाजाच्या नाळेशी माती उपसणारे एक चिमुकले यंत्र छायाचित्रात दिसले, आणि जग हसले. जहाजावर कोणी ‘माझी चिंता’ असे लिहिले, यंत्रावर ‘माझा उपाय’. हा विनोद देशोदेशी कळला, कारण ही जोडी फार जुनी आहे. समुद्र आटवू पाहणारी टिटवी आणि सेतूसाठी वाळू वाहणारी खार आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

अशा आकृतींना मराठी समीक्षेत ‘आदिबंध’ म्हणतात. युंगने त्यांचे मूळ मानवाच्या सामूहिक नेणिवेत शोधले. आम्हांस वाटते, इतके खोल न उतरताही एक साधे कारण सापडते. मीमच्या वाट्याला वाचकाचा जेमतेम एक क्षण येतो. त्यात पात्राची ओळख करून देण्यास सवड कोठली? नवे पात्र उभे करायचे तर पूर्वकथा सांगावी लागते. शकुनी आपली पूर्वकथा बरोबर घेऊनच येतो. शिवाय जुनी आकृती रिकाम्या चौकटीसारखी असते. ज्याने त्याने आपले नाव त्यात भरावे आणि पुढे पाठवावे.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यातील कीचकाला कोणी कर्झन म्हटले नव्हते. प्रेक्षकांनीच ते नाव मनात लिहिले. सरकारलाही ते वाचता आले, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. सत्तेपुढे उघड बोलता येत नसे तेव्हा जुन्या मुखवट्याने असे नवे धैर्य दिले.

मग हरकत कशाला? हरकत अशी की, नाटकात मुखवट्यामागे पूर्ण कथा होती. द्रौपदीचा संताप होता, तसा सबुरी सांगणाऱ्या कंकभटाचा पक्षही होता. मीम एका क्षणावर थांबते. तेथे शकुनी केवळ कपटी आणि कैकेयी केवळ दुष्ट. शेजाऱ्याच्या, सहकाऱ्याच्या, नात्यातल्या सुनेच्या तोंडावर असा मुखवटा बसवून ते चित्र हजारांच्या हाती गेले, म्हणजे त्या माणसाला आपली बाजू मांडायला दुसरा अंकच उरत नाही.

महाभारतकाराने असे केले नाही. शेवटच्या पर्वात धर्मराज स्वर्गात पोहोचतो, तर त्याला तेजाने झळकत आसनस्थ झालेला दुर्योधन दिसतो! धर्मराजाला ते सहन होत नाही. आपल्यालाही होत नाही. पण आपला निवाडा शेवटचा नव्हे, हे त्या प्रसंगाने कवी आपल्याला बजावतो.

म्हणून मीमवर बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही. हसावे, मनमुराद हसावे. सत्ताधाऱ्याला कीचक म्हणावेसे वाटले तर अवश्य म्हणावे. मात्र ज्याच्यापाशी सत्ता नाही अशा माणसाच्या चित्रावर रावण लिहून ते पुढे धाडण्यापूर्वी, या कथेत पुढे काय झाले, एवढे एकदा विचारावे. पुराणे टिकली ती त्या ‘पुढे काय झाले’ याच्या बळावर. मुखवटा आपण त्यांच्याकडून उसना घेतलाच आहे. तो प्रश्नही घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.